पुदिन्याची गोळी

दार उघडलं तशी बायको त्याच्या गळ्यात पडायला म्हणून पुढे झाली आणि अर्ध्यावरच थांबली. एका हातात आइस्क्रीमचा डबा, दुसऱ्या हातात पर्स, आणि चेहऱ्यावर मावत नसलेली बातमी. ती बातमी त्याला जिन्यातच कळली होती, तिच्या चपलांच्या आवाजावरून. गाडी चालवण्याच्या परीक्षेत दोनदा नापास झालेलं माणूस तिसऱ्यांदाही आपटून आलं तर जिना असा चढत नाही. "मिळालं एकदाचं लायसन," ती म्हणाली, तिचं तोंड त्याच्या गालाशी आलं, आणि तिचं नाक हललं. अगदी किंचित. बाकीच्या नवऱ्यांना बायकोचे डोळे वाचता येतात म्हणे. त्याला तिचं नाक वाचता येत होतं. ती एक पाऊल मागे सरली. "तोंडात काय आहे?" तिनं विचारलं. आवाज अगदी साधा होता, भाजी निवडता निवडता काही विचारावं तसा. "गोळी," तो म्हणाला. "कसली?" "पुदिन्याची." तिनं चपला काढून भिंतीशी नीट लावल्या, आइस्क्रीमचा डबा फ्रीजमध्ये न ठेवता जेवणाच्या टेबलावरच ठेवला, आणि स्वयंपाकघरात जाऊन सिंकखालचं कपाट उघडलं. डबे सरकवल्याचा आवाज यायला लागला. ती बाटली शोधत होती.

गोळी जिभेवर तशीच होती आणि ती चावावी, गिळावी की थुंकावी हे त्याला कळेना. या घरात पुदिना वर्ज्य होता. त्याचं पिणं सुटलं त्या वर्षी बायकोनं टूथपेस्टसुद्धा बदलली होती. पुदिन्याचा वास आला की माझ्या पोटात गोळा येतो, ती म्हणाली होती, कारण पूर्वी तो जिना चढायच्या आधी तोंडात पुदिन्याच्या गोळ्या टाकूनच घरी यायचा. तेव्हापासून घरात लवंगेची तपकिरी टूथपेस्ट होती. पाहुणे सकाळी तोंड वेडंवाकडं करून बाथरूममधून बाहेर येत आणि नवराबायको एकमेकांकडे बघून हसत. सहा वर्षं लवंगेनं दात घासलेला हा शहाणा माणूस आज कोपऱ्यावरच्या दुकानाशी थांबला, पाकीट मागितलं, खिशात टाकलं, आणि मघाशी जिन्यात तिची चाहूल लागल्याबरोबर त्याच्या हातानं त्यातली एक गोळी तोंडात सारली. हातानंच, कारण त्याला स्वतःला विचारलंच नव्हतं कोणी. तो पोहून आला होता. पोहून आलेल्या माणसाच्या तोंडाला कसला वास येणार? क्लोरीनचा वास केसांना येतो, कातडीला येतो. पण लपवायचं म्हटल्यावर हाताला जे ठाऊक होतं तेच हातानं केलं.

"मी पोहायला गेलो होतो," एवढं म्हटलं असतं तरी स्वयंपाकघरातला तो आवाज थांबला असता. पण जीभ उचलेना. पलीकडच्या खोलीत त्याचे वडील, आप्पा, पडून होते, दार अर्धं उघडं होतं, आणि त्यांचा खोकला नेहमीपेक्षा दबका येत होता. पोहण्याचं सांगायचं तर मागोमाग आप्पांचंही सांगावं लागलं असतं. आणि मग त्याच्या डोक्यात एक विचार आला, इतका हलकट की त्याचं त्यालाच गरगरलं. वाटू दे तिला प्यायलो असं. पिणाऱ्याला माफी असते. तो आजार असतो, त्यावर डॉक्टर असतात, खुर्च्यांचं रिंगण करून बसणारी माणसं असतात, पडलास तर ऊठ म्हणणारी. म्हाताऱ्या बापाला एकटं टाकून पाण्यात डुंबायला गेलेल्या माणसासाठी कुठलं रिंगण मांडतात? तो टेबलाला टेकून उभा राहिला. आइस्क्रीमच्या डब्यावर दव धरत होतं.

पाण्यानं त्याला वाचवलं होतं हे खोटं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं त्याचं काम, आणि त्या दिवसांत त्याचे हात असे थरथरत की भिंगांच्या कडांचे कपचे उडत. मालक बिचारा भला, मशीनला दोष द्यायचा. आई तेव्हा होती, ती दारात येऊन शेजाऱ्यांना सांगायची, पित्त झालंय त्याला, निजलाय. आईनं आयुष्यात दुसरं खोटं बोललेलं त्याला आठवत नव्हतं. शेवटी इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, सवय अशी जात नसते हो, जागा बदलते, तुम्ही तिला बरी जागा शोधून द्या. म्हणून तो तलावावर गेला. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेतच कठडा धरून कुत्र्यासारखा धापा टाकत राहिला आणि वर उभे असलेले पोहण्याचे मास्तर म्हणाले, "काका, पाणी प्यायचं नसतं, कापायचं असतं." त्या बोलण्याचं त्याला हसू आलं आणि खूप दिवसांनी हसू आलं म्हणून रडूही आलं. पाण्यात ते एक बरं असतं, कोणाला कळत नाही. मग तो रोज जायला लागला. पोट उतरलं, झोप यायला लागली, हात भिंगावर दगडासारखे स्थिर झाले. मेव्हणा जेवायला आला की ताटावरून ओरडायचा, "आधी पोटात पाणी, आता पाण्यात पोट. व्यसन असावं तर असं." सगळे हसत. रिंगणातल्या लोकांनी तर त्याला नव्या माणसांपुढे बोलायलाच उभं करायला सुरुवात केली होती. तो सांगायचा की वाईट व्यसनावर चांगलं व्यसन हाच उपाय, आणि नवी माणसं, डोळे लाल झालेली, त्याच्या खांद्यांकडे हेव्यानं बघायची. त्याला ते आवडायचं. आपण लोकांच्या उपयोगी पडतो आहोत असं वाटायचं.

एक गोष्ट मात्र त्यानं रिंगणात कधी सांगितली नव्हती. तलावाला सुट्टी असली की दुपारपर्यंत त्याचा जबडा आवळून यायचा. गिऱ्हाईक चष्मा लावून, जमीन जवळ वाटते हो, म्हणालं की तो एरवी शांतपणे सांगायचा, दोन दिवसांत सवय होईल. सुट्टीच्या दिवशी मात्र त्याच गिऱ्हाइकाला एक ठेवून द्यावी असं वाटायचं. बायकोच्या मावशीला पोचवायला स्मशानात गेला तेव्हाही तो मनातल्या मनात हिशोब करत होता, इथून निघालो तर तलाव उघडा सापडेल का. सापडला होता. त्या दिवशी पाण्यात उतरताना त्याला लाज वाटली होती, पण दुसरी फेरी संपेपर्यंत ती विरघळून गेली होती. पाण्याचं हेच तर सुख होतं. जी पाण्यात विरघळून जाते तिला लाज म्हणायचं तरी का, हा प्रश्न त्याला तेव्हा पडला होता आणि त्यानं तो कठड्याशीच सोडून दिला होता.

मग कानाचं निघालं. पडद्याला भोक पडलं होतं. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, थेंब जाता कामा नये, पोहणं बंद म्हणजे बंद. बायको शेजारीच बसली होती, त्यामुळे मान डोलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. घरी आल्यावर तिनं त्याचा टॉवेल, चड्डी, पोहण्याचा चष्मा धुऊन माळ्यावर ठेवलं, आणि चौथ्या दिवशी त्यानं तिच्या नकळत ते सगळं उतरवलं. तेव्हापासून तो दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत जायचा, कानात तेलात भिजवलेला कापसाचा बोळा घालून. जेवणाचा डबा तसाच भरलेला असे, तो दुकानामागच्या कुत्र्याला घालायचा, आणि घरी भाजी छान झाली होती म्हणून सांगायचा. कान रात्री ठणकायचा. ठणका लागला की तो उशीत तोंड खुपसायचा, म्हणजे तिला कळू नये. हे सगळं त्याला नवीन नव्हतं. हे त्यानं पूर्वी एकदा अगदी असंच केलं होतं, फक्त तेव्हा उशीत तोंड खुपसायचं कारण वेगळं होतं.

आज तर तलावाचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून पाणी उपसून फरशा बदलणार, महिनाभर बंद, असा फलक आठवडाभर दारावर लागला होता. बायकोची परीक्षा दुपारी होती म्हणून त्यानं दुकानातून सुट्टी घेतली होती. आप्पांना अर्धांग झाल्यापासून ती घराबाहेर फारशी पडली नव्हती. त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, दोनचार शब्द तेवढे उरले, आणि ही त्या दोनचार शब्दांवर त्यांचं सगळं ओळखून करत होती. जाताना ती दारात दोनदा वळली. "त्यांना संडासला जायचं झालं की ते हाक मारत नाहीत, लाजतात. तू बघत राहा." बघतो ना, तो म्हणाला. आप्पा जेवून झोपले. त्यांचा घोरण्याचा आवाज एका लयीत लागला. तो खुर्चीत बसून ती लय ऐकत होता आणि फेऱ्या मारल्यासारखं मोजत होता. मग तो उठला तो पाणी प्यायला. मग माळ्याखाली उभा राहिला. एकच बुडी, तो स्वतःला म्हणाला, पाण्याचा निरोप घ्यायला नको का. निरोप हा शब्द त्याला फार शोभिवंत वाटला. दाराला बाहेरून कुलूप घालताना किल्लीचा आवाज होऊ नये म्हणून त्यानं ती दोन बोटांत धरून हळूच फिरवली, आणि इतकी सराईत फिरवली की त्याला स्वतःचं कौतुक वाटलं.

तलावात कोणी नव्हतं. काचेच्या छतातून आलेलं ऊन तळाच्या निळ्या फरश्यांवर हलत होतं. एक बुडी मारली, मग एक फेरी, मग उद्यापासून नाहीच म्हणून आणखी एक. पाण्याखाली आप्पा नव्हते, कान नव्हता, परीक्षा नव्हती. खरं सांगायचं तर तो स्वतःही नव्हता, आणि त्यासाठीच तर तो जात होता, पूर्वी तिथं आणि आता इथं. मास्तरांनी शिट्टी वाजवली तेव्हा त्यानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. अंग नीट न पुसताच तो निघाला. आणि तशा धावपळीतही कोपऱ्यावर पाय थांबले, पाकीट खिशात आलं.

आप्पा जमिनीवर होते. पलंग आणि खुर्चीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बसते झाले होते, पाय पुढे पसरून, पाठ पलंगाला लावून. पायजमा भिजला होता, खालची फरशी भिजली होती. ते हाक मारत नव्हते. तो दारात आला तेव्हा त्यांनी मान वर केली आणि मुलाकडे पाहिलं, आणि मग पटकन नजर खाली केली, आपणच काही गुन्हा केल्यासारखी. ते पाहून त्याला वाटलं, फरशीनं दुभंगून आपल्याला पोटात घ्यावं. त्यानं त्यांना काखेत धरून उचललं, तेव्हा त्यांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. त्यानं त्यांना धुतलं, कोरडं केलं, दुसरा पायजमा चढवला, फरशी पुसली, ओला पायजमा बाथरूममध्ये पिळून टाकला. हे सगळं तो भराभर करत होता, आणि त्यातही मनाचा एक कोपरा हुशारीनं विचार करत होता, खिडकी उघडी ठेवावी म्हणजे वास जाईल. पांघरूण घालायला वाकला तेव्हा आप्पांनी ओठ जुळवायला बराच वेळ घेतला. "नाही सांगत," ते म्हणाले.

"आप्पांचा पायजमा का धुतलास?" बायकोचा आवाज आता बाथरूममधून आला. ती शोधत शोधत तिथपर्यंत पोचली होती. "पाणी सांडलं त्यांच्यावर," तो म्हणाला. "सांडलं," आतल्या खोलीतून आप्पा म्हणाले. शब्द स्पष्ट यावा म्हणून त्यांनी जोर लावला होता. त्याला दारात उभी राहणारी आई आठवली. मग बाथरूमची खिडकी सरकल्याचा आवाज झाला आणि तो जागच्या जागी थिजला. त्या खिडकीबाहेर सांडपाण्याचा पाइप आणि भिंत यांच्यामध्ये एक खाच होती. पूर्वी बाटली तिथं अशी काही बसायची की जणू गवंड्यानं तिच्यासाठीच जागा सोडली होती. आज ओल्या कपड्यांची पिशवी त्यानं तिथंच खोचली होती. माळा होता, पलंगाखालची जागा होती, दुकानाची बॅग होती. पण हात तिथंच गेला होता.

मग ती बाहेर आली, ठिबकणारी पिशवी हातात घेऊन, आणि हसत होती. हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती खुर्चीत धपकन बसली. "अरे, पोहायला गेला होतास?" ती म्हणाली. "मेल्या, जीव गेला ना माझा. म्हटलं आता परत ते सगळं. परत माझ्या दादाला फोन, परत इस्पितळ, परत लोकांना तोंड द्यायचं." तिनं पदरानं डोळे पुसले. "आणि कानाचं काय?" "बोळा घातला होता." "आणि आप्पा?" "झोपले होते. पटकन एक बुडी मारून आलो. उद्यापासून बंद होणार ना." ती त्याच्याकडे रागानं बघायला गेली, पण सुटकेपुढे राग टिकेना. "त्यांना असं एकट्याला टाकून जायचं नाही पुन्हा. काही झालं असतं म्हणजे?" आणि मग पिशवी त्याच्या हातात देत, खालच्या आवाजात, "हेच असेल तर असू दे बाबा. हे परवडलं." तिनं उठून त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. इतक्या मायेनं की त्याला ओरडावंसं वाटलं. मार खाण्याची तयारी करून उभं राहावं आणि समोरच्यानं कुरवाळावं, तसं झालं.

ती आता पुन्हा जिना चढतानाची झाली होती. वाट्या काढल्या, आइस्क्रीम वितळून काठाशी पातळ झालं होतं ते ढवळून वाढलं, आप्पांच्या खोलीत जाऊन पलंगावर बसली. "आप्पा, पास झाले. आता तुम्हाला फिरवून आणणार, मागच्या सीटवर राजासारखं बसायचं." आप्पा हसले, त्यांच्या अर्ध्या तोंडानं. तिनं चमचा त्यांच्या डाव्या हातात द्यायला पुढे केला. चांगला हात तो तेवढाच उरला होता आणि जेवण ते त्या हातानं हट्टानं स्वतःच जेवत. कोणी भरवायला गेलं की मान फिरवत. आज त्यांनी हात उचलला नाही. पांघरुणाखालीच ठेवला आणि लहान मुलासारखा आ केला. "अगंबाई, आज लाड करून घ्यायचे आहेत का सुनेकडून?" ती म्हणाली, आणि खुशीत तिनं पहिला चमचा भरवला. आप्पांनी तो गिळला आणि तिच्या खांद्यावरून मुलाकडे पाहिलं. दार धरून तो उभा होता. पांघरुणाच्या कडेला मनगट दिसत होतं, सुजून गुळगुळीत झालेलं. दुसरा चमचा गेला. तिसरा गेला. अजून दोन चमचे आणि वाटी संपेल, आणि हात उद्या दिसेल, आणि उद्या म्हणता येईल की झोपेत कुठं आपटला असेल, आणि आप्पा म्हणतील, आपटला. सगळं तयार होतं. त्याला फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहणं त्याला फार छान येत होतं.

"त्यांना हात उचलता येत नाहीये," तो म्हणाला. "ते पडले होते. मी आलो तेव्हा खाली होते." चमचा वाटीत तसाच राहिला. तिनं पांघरूण बाजूला केलं, मनगटाला नुसतं बोट लावलं, आणि आप्पांनी डोळे घट्ट मिटून घेतले. ती पाठमोरीच राहिली. "किती वेळ नव्हतास?" तिनं विचारलं.

"अर्धा तास," तो म्हणाला. विचार न करताच म्हणाला, पूर्वी किती प्यायलास म्हटल्यावर दोनच म्हणायचा तसं. पलंगावरून आप्पांनी मान हलवली. ओठ जुळले, सुटले, परत जुळले. "अर्धा," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. दुखऱ्या हाताचा होता की त्या एका शब्दाचा, कोण जाणे. उरलेल्या दोनचार शब्दांतला एक त्यांनी मुलाच्या खोट्यासाठी खर्च केला होता. त्याला वाटलं, आपण आयुष्यात केलेलं सगळं एकीकडे आणि हे एकीकडे.

"दीड तास," तो म्हणाला. "जास्तच. पाण्यात असताना मी घड्याळ बघितलंच नाही."

ती ओरडली नाही. वाटी खाली ठेवली, आप्पांचं तोंड पुसलं, पर्समधून किल्ली काढली. "गाडी मी काढते. त्यांना बूट घाल," ती म्हणाली आणि बाहेर गेली. तो आप्पांच्या पायाशी बसला. एक बूट चढवला, दुसऱ्याची नाडी बांधत होता, तेव्हा डोक्यावर काहीतरी टेकलं. सुजलेल्या हाताची बोटं होती. ती केसांत थोडी हलली आणि थांबली. "डोकं," आप्पा म्हणाले, मग बराच वेळ गेला, "पूस." लहानपणी आंघोळ करून तसाच पळाला की ते खरखरीत टॉवेल घेऊन मागे धावत. म्हणजे मघाशी तो दारात आला तेव्हाच त्यांनी ओलं डोकं पाहिलं होतं, आणि सगळं समजून नजर खाली केली होती. टॉवेल पिशवीत होता, ओलाच. त्यानं बाहीनं डोकं पुसलं.

गाडीत तो मागे बसला, आप्पांचा हात उशीवर ठेवून. ती दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून, मान ताठ करून, परीक्षेतल्यासारखीच चालवत होती. आजचा तिचा दिवस होता हे त्याला आठवलं, आणि त्याबद्दल तिला अजून एक शब्दही बोललो नाही हेही. आता बोलायला तोंड उरलं नव्हतं. लाल दिव्याशी तिनं गाडी उभी केली आणि आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "हाताला प्लास्टर घातलं तर त्यांचं सगळंच करावं लागेल. मला एकटीला जमायचं नाही," ती म्हणाली. "तू दुपारी घरी येऊन बसशील?"

"बसेन," तो लगेच म्हणाला. "तसाही उद्यापासून तलाव बंदच आहे."

शब्द तोंडातून गेले आणि मग त्याला ऐकू आले. आप्पा खिडकीबाहेर बघत होते. तिची आरशातली नजर क्षणभर तशीच राहिली, मग समोर गेली. दिवा हिरवा झाला, तिनं गिअर टाकला, गाडी एक गचका खाऊन बंद पडली, मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. तिनं किल्ली पुन्हा फिरवली.

"महिन्याभरानं उघडेल ना पण," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला.